जळगावहून विमानाने: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घरापासून घरापर्यंतचा हिशेब

जळगाव ते पुणे विमानाने किती अंतर आहे, असं विचारलं की कोणी ३२० किलोमीटर सांगतो, कोणी ४००. वेळ विचारला तर मोबाइलवरचं एखादं गणकयंत्र २५ मिनिटं दाखवतं, तिकिटावर तासापेक्षा जास्त लिहिलेलं असतं आणि जो जाऊन आला तो म्हणतो, "अर्धा दिवस गेलाच." पंचवीस मिनिटांचं उत्तर सरळ चुकीचं आहे. बाकीची सगळी खरी आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. सरळ रेषेतलं अंतर, रस्त्याचं अंतर, विमान प्रत्यक्ष उडतं तो मार्ग, तिकिटावरचा वेळ आणि तुमच्या उंबरठ्यापासून तिकडच्या उंबरठ्यापर्यंत लागणारा वेळ, हे पाच वेगवेगळे आकडे आहेत. ते स्वतः कसे काढायचे आणि त्यावरून विमान, रेल्वे की रात्रीची ट्रॅव्हल्स हे कसं ठरवायचं, ते इथे क्रमाने मांडतो. खान्देशातल्या माणसाला हा हिशेब मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा जास्त नीट करावा लागतो. आपल्याकडे दिवसाला वीस विमानं नाहीत. एक चुकलं तर पुढचं बहुतेक वेळा आज नसतंच.

आधी विमानतळ नक्की करा

हे सांगायची काय गरज, असं वाटेल. पण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

जळगावचा विमानतळ शहराच्या आग्नेयेला, अजिंठा रस्त्यावर कुसुंब्याजवळ आहे. नियमित प्रवासी सेवेच्या दृष्टीने खान्देशात हाच एक विमानतळ. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथून तिकीट काढून जाता येत नाही. नंदुरबारकरांना सुरत आणि धुळेकरांना नाशिकजवळचं ओझर बहुतेक वेळा सोयीचं पडतं. चाळीसगावचा माणूस तर तिठ्यावर उभा असतो: जळगाव, छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा आणि शिर्डीसाठीचं काकडी हे तिन्ही त्याच्या आवाक्यात आहेत.

पोहोचण्याच्या बाजूलाही बघा. गोव्यात दोन विमानतळ आहेत, उत्तरेला मोपा आणि वास्कोजवळ दाबोळी. दोघांमध्ये सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरचं अंतर आहे आणि रस्त्याने त्याहून बरंच जास्त. मुंबईतही सांताक्रूझ-अंधेरीचा जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा, असे आता दोन झाले आहेत. तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरी संकेत असतो. जळगावचा जेएलजी, पुण्याचा पीएनक्यू, मोपाचा जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. शहराच्या नावावर न जाता हा संकेत वाचायची सवय लावून घ्या.

सरळ रेषेतलं अंतर स्वतः काढा

यासाठी संगणक लागत नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश नकाशावर बोट दाबून धरलं की मिळतात. शहराचे नव्हे, धावपट्टीचे घ्या.

जळगाव विमानतळ: अक्षांश २०.९६, रेखांश ७५.६३.
पुणे, लोहगाव: अक्षांश १८.५८, रेखांश ७३.९२.

अक्षांशातला फरक २.३८ अंश. उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून २.३८ गुणिले १११ म्हणजे २६४ किलोमीटर.

रेखांशातला फरक १.७१ अंश. इथे १११ चालत नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०४ ते १०६ किलोमीटरचा भरतो. जळगावहून पुणे, मुंबई, हैदराबाद, गोवा या सगळ्यांसाठी १०५ धरलं तरी उत्तर एखाद-दोन किलोमीटरच इकडेतिकडे होतं. १.७१ गुणिले १०५ म्हणजे जवळपास १८० किलोमीटर.

आता शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत. २६४ चा वर्ग अधिक १८० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३१९ ते ३२० किलोमीटर. पृथ्वी गोल असली तरी एवढ्या कमी अंतरावर सपाट नकाशाचं हे गणित पुरेसं अचूक ठरतं. जळगाव ते दिल्ली किंवा त्यापुढचं काढायचं असेल, तर गोलाकाराचं सूत्र वापरणारं गणकयंत्र घ्या.

एका चुकीपासून सावध राहा. काही ठिकाणी अक्षांश २०.९६ असा दशांशात दिलेला असतो, तर काही ठिकाणी २० अंश ५७ मिनिटं असा. हे दुसरं रूप २०.५७ असं लिहून टाकलं, तर अंशाच्या एक तृतीयांशाहून मोठी चूक होते, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आसपास. एका अंशात ६० मिनिटं असतात; ५७ ला ६० ने भागायचं, उत्तर ०.९५.

विमानाच्या दुनियेत हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जळगाव-पुणे म्हणजे साधारण १७२ सागरी मैल. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर हाच आकडा दिसतो आणि लोक तो रस्त्याचा मैल समजून १.६ ने गुणतात. तसं करू नका.

याच पद्धतीने जळगावहून निघणारी इतर अंतरं अशी येतात: मुंबईचा जुना विमानतळ सुमारे ३५५ किलोमीटर, अहमदाबाद ३९०, हैदराबाद ५०८, मोपा ६१० च्या आत-बाहेर. ओझर २०० आणि चिकलठाणा १२५, पण तिथे जायला विमान कोण धरणार?

विमान सरळ रेषेत जात नाही

जळगावची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. पुणे आहे नैऋत्येला. म्हणजे पश्चिमेचा वारा असेल तर उडाल्यावर वळण थोडं, पूर्वेचा असेल तर आधी उलट्या दिशेला चढायचं आणि मग फिरायचं. त्यानंतर ठरलेले हवाई मार्ग धरायचे आणि उतरताना पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यायला लांबचा फेरा घ्यायचा. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे लष्करी उड्डाणांना वाट द्यावी लागते. मुंबईवर गर्दी असली की विमानं आकाशातच घिरट्या घालत थांबतात.

म्हणून सरळ अंतरात दहा टक्के वाढवा. पुण्याचे ३२० किलोमीटर असे ३५० च्या आसपास जातात. मुंबईसाठी गर्दीच्या वेळी याहून जास्त धरलेलं बरं.

वेग: इथे जेट धरू नका

मोबाइलवरच्या गणकयंत्राचं २५ मिनिटांचं उत्तर येतं कुठून? ते ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरतं. तो मोठ्या जेट विमानाचा, उंचावर पोहोचल्यानंतरचा वेग आहे. जळगावसारख्या आखूड धावपट्टीवर येतं ते एटीआर ७२: दोन पंखे, सत्तरच्या आसपास आसनं. लहान धावपट्टीवरून उडू शकतं म्हणूनच देशभरातल्या लहान शहरांना हे विमान जोडतं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास.

खरं तर लहान शहरं स्वस्त विमानसेवेने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेचा पायाही याच आकड्यावर होता. २०१६ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा सुमारे ५०० किलोमीटर किंवा एका तासाच्या प्रवासाला, ठरावीक आसनांसाठी, २,५०० रुपयांची भाडेमर्यादा घातली होती. "पाचशे किलोमीटर, एक तास" हे समीकरण लहान विमानाच्या प्रवासासाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे.

वाऱ्याचा परिणाम लोक समजतात तेवढा मोठा नसतो. ३५० किलोमीटरच्या मार्गावर समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, तर ४२ मिनिटांची ४६ होतात. पाठीमागून आला तर ३९. चार मिनिटं इकडे, तीन तिकडे.

तिकिटावरचा वेळ म्हणजे काय

तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ असते. तिच्यातला फरक म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा तो सगळा काळ असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, परवानगीची वाट बघणं, चढण, उतरण आणि पुन्हा सरकणं सगळं येतं. लहान विमान चढताना आणि उतरताना पूर्ण वेगात नसतं, तेही यात धरावं लागतं.

माझं सूत्र साधं आहे: सरळ अंतर अधिक दहा टक्के, भागिले ५००, त्यात २५ मिनिटं मिळवा. त्याप्रमाणे जळगावहून:

पुणे: १ तास ५ ते १० मिनिटं
मुंबई: १ तास १० ते २० मिनिटं
अहमदाबाद: सव्वा तास
हैदराबाद: दीड तास
मोपा: पावणेदोन तास

तिकिटावर यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त दिसली तर नवल नाही. वेळापत्रक करताना कंपन्या थोडी सवड ठेवतात. पण वीस-तीस मिनिटांहून जास्त फरक दिसला, तर विमान मध्ये कुठे थांबतं का ते बघा. लहान विमानं दोन-तीन शहरं जोडत फिरतात.

ब्लॉक टाइमचा आणखी एक उपयोग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर परताव्याशिवाय मिळणारी भरपाई या ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि त्यावर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. वादळ-धुक्यासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. त्यामुळे रद्द झाल्याचं कारण काउंटरवरून लेखी किंवा मेसेजवर मागून घ्या. छोट्या मार्गावर दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर वाट बघणाऱ्यांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. हे हक्काने, शांतपणे मागा.

आता खरा हिशेब: घर ते घर

तिकिटावरचा तास-सव्वा तास हा तुमच्या प्रवासाचा लहानसा तुकडा आहे. बाकीचे तुकडे असे: घर ते कुसुंबा, विमानतळावरचा वेळ, उतरल्यावर सामान येईपर्यंतचा वेळ, आणि तिथून मुक्कामापर्यंत.

विमानतळावर दीड तास आधी पोहोचा. जळगावचा विमानतळ लहान आहे, रांगा मुंबईसारख्या नाहीत. तरीही चेक-इन उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतं आणि नंतर एक मिनिटही ऐकून घेतलं जात नाही. तुमच्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटावर छापलेली असते.

भुसावळहून पुण्याला हिंजवडीत मुलाकडे जायचं आहे असं धरू. घर ते कुसुंबा ५० मिनिटं, विमानतळावर ९० मिनिटं, विमान ७० मिनिटं, सामान ३० मिनिटं आणि लोहगाव ते हिंजवडी हा पुण्याचा एक टोक ते दुसरं टोक असा प्रवास, तो गर्दीच्या वेळी ९० मिनिटं. एकूण साडेपाच तास. रेल्वे किंवा ट्रॅव्हल्सने हाच प्रवास नऊ-दहा तासांचा. चार तास वाचले. म्हातारे आई-वडील असतील, गुडघे दुखत असतील, ऑपरेशननंतर तपासणीला जायचं असेल, तर हे चार तास सोन्याच्या मोलाचे आहेत. पण धडधाकट माणूस रात्री नऊला स्लीपरमध्ये झोपला आणि सकाळी पुण्यात उतरला, तर त्याचा दिवस मोडतच नाही. दुपारच्या विमानाने मात्र कामाचा दिवस जातो. तास मोजताना ते दिवसाचे की रात्रीचे, हेही मोजा.

आता धुळ्याचं बघा. धुळे ते कुसुंबा शंभरेक किलोमीटर, दोन तास. आणि हे दोन तास पूर्वेला, म्हणजे पुण्याच्या दिशेला नव्हे. विमानतळाचे दीड तास, विमानाचा सव्वा तास, पुण्यातला दीड तास मिळवला की सव्वासहा तास होतात. गाडीने थेट धुळे-मालेगाव-मनमाड-अहिल्यानगर-पुणे सातेक तासांत होतं. पाऊण तासासाठी एवढी चढ-उतार आणि एवढं भाडं? धुळेकराने पुण्यासाठी जळगावहून विमान धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हैदराबादला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रस्त्याचा पूर्ण दिवस वाचतो, म्हणून जळगाव आणि ओझर दोन्हीकडच्या वेळा बघून ठरवा.

यातून एक नियम हाती येतो. विमानतळाकडे जाणारा रस्ता मुक्कामाच्या दिशेचा असेल तर तो वेळ वाया जात नाही. उलट्या दिशेचा असेल तर तो दुप्पट महाग पडतो, कारण तेवढंच अंतर विमानाला पुन्हा कापायचं असतं. अमळनेर, पाचोरा, यावल, रावेर, जामनेर इथल्यांनी नकाशा समोर ठेवून आपापली दिशा तपासावी. चाळीसगावकरांनी चिकलठाण्याचा विचार करताना कन्नड घाट विसरू नये. पावसाळ्यात तिथे दरड आली की अंतर तेच राहतं, वेळेचा भरवसा राहत नाही.

उन्हाळा, धुकं आणि पाऊस

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या घरात जातो. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा जवळपास दहा टक्के विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि उडायला जास्त धावपट्टी लागते. धावपट्टी तर वाढत नाही, मग वजन कमी करावं लागतं. अशा दुपारी सामान मागे ठेवलं गेलं, तर त्यामागे हे कारण असू शकतं. शक्य असेल तर उन्हाळ्यात सकाळचं किंवा सायंकाळचं उड्डाण निवडा.

हिवाळ्यात पहाटे तापीकाठी धुकं उतरतं, ते सकाळच्या विमानांना अडवतं. पावसाळ्यात ढग खाली आले तर विमान दुसऱ्या शहरात नेऊन उतरवलं जातं. म्हणून लग्नाचा मुहूर्त, परीक्षा, कोर्टाची तारीख किंवा परदेशाचं विमान यासाठी त्याच दिवशीच्या जळगावच्या विमानावर विसंबू नका. आदल्या दिवशी जा.

पुढचं विमान पकडायचं असेल तर

हैदराबाद किंवा मुंबईहून पुढे जायचं असेल, तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटं काढली तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी जबाबदार नसते. सामानही स्वतः घेऊन पुन्हा जमा करावं लागतं. अशा वेळी मध्ये किमान तीन-चार तास ठेवा. मुंबईत टर्मिनल बदलायचं असेल तर आणखी वाढवा.

सामानाबद्दल थोडक्यात. एटीआरमधले डोक्यावरचे कप्पे लहान असतात, कडक चाकाची बॅग बसत नाही. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. आईने दिलेलं तेलातलं लोणचं आणि ओला ठेचा नीट बांधून जमा करायच्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत तो तपासणीला अडकतो. सुकं खोबरं मात्र कुठेच नेऊ देत नाहीत, ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. केळीचे वेफर्स आणि बिबडे खुशाल न्या.

तिकीट काढण्याआधी आणि काढल्यावर

जळगावच्या विमानसेवेने बरेच चढ-उतार पाहिले आहेत. २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं. उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं मुंबईचं विमान सुरू झालं, ते थांबलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आलं, तेही पुढे थांबलं. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं आणि अलायन्स एअरने मुंबई. त्यामुळे गेल्या वर्षी नातेवाईक गेले होते ते विमान आज आहेच, असं धरू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या तारखेला, तुमच्या वारी ते आहे का ते बघा. काही मार्गांवर आठवड्यातले ठरावीकच दिवस असतात.

जाण्याचं तिकीट काढताना परतीचा वार त्याच बसणीत तपासा. जायला विमान सोमवारी आहे आणि परतीला थेट गुरुवारी, असं असेल तर मधले मुक्काम भाड्यात धरा. एका बाजूने विमान आणि दुसऱ्या बाजूने रेल्वे असा मेळही चांगला बसतो: पुण्याला सकाळचं काम असेल तर रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसने जा आणि थकून परतताना विमानाने या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. काम टाळता येण्याजोगं नसेल तर विमानाचं तिकीट असूनही त्याच रात्रीचं एक रेल्वे तिकीट हाताशी ठेवा आणि चेक-इन होऊन विमान निघण्याची खात्री झाली की ते रेल्वे तिकीट रद्द करा. गाडी सुटण्याआधी, चार्ट लागण्याच्या वेळेकडे लक्ष ठेवून.